१८ मीटरवरचा बाण

५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये नागपूरच्या ओजस देवतळेने जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम लढतीत १५ बाण सोडले आणि १५० पैकी १५० गुण घेतले. समोरच्या पोलिश तिरंदाजाचे १४९ झाले. त्याच दिवशी साताऱ्याच्या अदिती स्वामीने महिलांची अंतिम लढत १४९-१४७ अशी जिंकली होती. दोघांचा सराव साताऱ्यात, प्रवीण सावंत यांच्या दृष्टी अकादमीत झालेला. त्याआधी मे महिन्यात शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असे हरवले होते. अशा बातम्या वाचून कितीतरी घरांत मुलांनी धनुष्याचा हट्ट धरला असेल. मग दुकानात चौकशी होते ती धनुष्याची: किती पौंडाचे, कोणत्या कंपनीचे, केवढ्याला. बाण त्या खरेदीच्या शेवटी येतात. दुकानदार देईल ते डझनभर बाण पिशवीत पडतात आणि गाडी घराकडे वळते.

मला या लेखाची सुरुवात त्या डझनभर बाणांपासून करायची आहे. जागतिक विजेतेपद एका गुणाने ठरते, आणि लक्ष्यापर्यंत जाते ती वस्तू बाण असते. धनुष्य हातातच राहते. साध्या धनुष्याला नेमके जुळणारे बाण मिळाले तर मूल लवकर सुधारते. महागड्या धनुष्याला विजोड बाण मिळाले तर ते मूल महिनोन् महिने स्वतःच्या हाताला दोष देत बसते, आणि ते पाहवत नाही. म्हणून बाणांचा अभ्यास हा तिरंदाजीतला वेगळा, स्वतंत्र विषय आहे असे मी मानतो, आणि त्या विषयात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाचे मनापासून स्वागत करतो. विषय मोजता येण्याजोगा आहे. त्याची बरीचशी साधने तुमच्या स्वयंपाकघरात, नाही तर गल्लीतल्या किराणा दुकानात सापडतील.

बाणांचा सगळा विस्तार एका लेखात मावणार नाही, म्हणून इथे छपराखालची, म्हणजे ज्याला खेळाडू सरसकट ‘इनडोअर’ म्हणतात ती तिरंदाजी घेतली आहे. तिचे मापच वेगळे. अंतर १८ मीटर, लक्ष्याचा कागद ४० सेंटिमीटर व्यासाचा, एका फेरीला तीन बाण, एकूण ६० बाण, कमाल गुण ६००. बाण एकमेकांवर आदळून फुटू नयेत म्हणून बहुतेक वेळा एकाखाली एक अशी तीन छोटी लक्ष्ये छापलेला कागद लावतात आणि प्रत्येकावर एकच बाण मारायचा असतो. युरोप-अमेरिकेत हा हिवाळी खेळ. बाहेर बर्फ असते, म्हणून तिरंदाज आत येतात. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या ओउलू इथे पहिली जागतिक इनडोअर स्पर्धा झाली.

नागपूरचा हिशेब उलटा आहे. इथल्या हिवाळ्यात मैदानावर उभे राहण्यासारखे सुख नाही. छप्पर लागते ते एप्रिल-मे महिन्यांत, पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी लू चालते तेव्हा, आणि त्यानंतर पावसाळ्यात. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलासारखी मोठी जागा प्रत्येकाच्या वाट्याला येणार नाही. पण १८ मीटर म्हणजे ५९ फूट. शाळेचे सभागृह, सुट्टीत रिकामे असलेले मंगल कार्यालय, एखादे गोदाम एवढ्यात काम भागते. मात्र पाठीमागे बाण अडवणारी जाळी हवी आणि बाजूचे दरवाजे आतून बंद हवेत. मैदानी स्पर्धांच्या मानाने आपल्याकडे इनडोअर स्पर्धा कमी होतात हे खरे. तरी वर्षाचे चार-पाच महिने ज्याला १८ मीटरवरच सराव करावा लागतो, त्याने त्या अंतराचा बाण समजून घेतला पाहिजे.

आधी एक गैरसमज दूर करू. अंतर कमी, म्हणजे काम सोपे, असे पाहणाऱ्याला वाटते. रिकर्व्ह, म्हणजे दोरी बोटांनी सोडायच्या धनुष्यापुरते ते काही अंशी खरे आहे. मैदानावर रिकर्व्हचे लक्ष्य ७० मीटरवर असते आणि त्यातले दहाचे वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचे. डोळ्याला ते जेवढे दिसते तेवढेच १८ मीटरवर दिसावे म्हणून काढले तर ३.१ सेंटिमीटरचे होईल. प्रत्यक्षात इनडोअर रिकर्व्हचे दहा ४ सेंटिमीटरचे असते, म्हणजे थोडे उदार. कंपाउंडचे, म्हणजे दोरी यांत्रिक साधनाने सोडायच्या धनुष्याचे, मात्र उलट आहे. मैदानावर ५० मीटरवर ८ सेंटिमीटरचे दहा. १८ मीटरवर त्याचे २.९ सेंटिमीटर होतात. आणि इनडोअरमध्ये कंपाउंडला मिळते फक्त २ सेंटिमीटरचे वर्तुळ. ओजसने बर्लिनमध्ये कंपाउंडने ज्या वर्तुळात १५ बाण बसवले, त्यापेक्षा सभागृहातले वर्तुळ डोळ्याला लहान आहे. एकच खेळ, एकच छप्पर, पण दोन धनुष्यांचे प्रश्न इतके वेगळे. बाणाच्या निवडीचा सल्ला ऐकताना तो कोणत्या धनुष्यासाठी दिला आहे, हे आधी विचारावे ते यासाठी.

आता जाडीकडे येऊ, कारण इनडोअर म्हटले की सगळे आधी तिचेच नाव घेतात. नियम असा की बाणाची कड रेषेला नुसती लागली तरी वरचा गुण मिळतो. फेरी संपल्यावर तिरंदाज लक्ष्याजवळ जातात, पण गुण लिहून होईपर्यंत बाणाला किंवा कागदाला कोणी बोट लावायचे नाही. शंका असली तर पंच भिंग घेऊन येतो, आधी एका बाजूने पाहतो, मग दुसऱ्या बाजूने, आणि हाताने खूण करतो. कागदाचा तंतू आणि दांडीची कड यांच्यात फट दिसते की नाही एवढ्यावर निकाल. तेव्हा जाड बाण रेषेपर्यंत जास्त पोहोचणार हे उघड आहे. म्हणून जागतिक संघटनेने वरची मर्यादा घातली आहे: दांडी ९.३ मिलिमीटर, टोक ९.४ मिलिमीटर, त्यापुढे नाही. ॲल्युमिनियमच्या नळ्यांची जाडी इंचाच्या ६४ भागांत मोजतात. २३ भागांची नळी ९.१३ मिलिमीटर भरते आणि नियमात बसते, २४ भागांची ९.५ च्या वर जाते आणि बाद होते. परदेशी दुकानांच्या यादीत २६ आणि २७ भागांच्या नळ्या दिसल्या तर भुलू नका. त्या दुसऱ्या नियमांच्या स्पर्धांसाठी आहेत.

पण जाडीचा फायदा होतो तरी किती? हिशेब साधा आहे. मैदानावरचा बारीक कार्बन बाण साधारण ५.५ मिलिमीटरचा धरा, इनडोअरचा ९.३ चा. फरक ३.८, म्हणजे प्रत्येक बाजूला १.९ मिलिमीटर. रिकर्व्हच्या लक्ष्यावर एकेका गुणाचा पट्टा २० मिलिमीटर रुंद असतो. बारीक बाण रेषेबाहेर १.९ मिलिमीटरच्या आत चुकला असेल, तिथे जाड बाणाला एक गुण जास्त मिळेल. २० मध्ये १.९, म्हणजे दहा बाणांत जेमतेम एक. साठ बाणांत पाच-सहा गुण. ज्याचे जवळपास सगळेच बाण दहात जातात त्याला तर याहून कमी, कारण त्याचे बाण रेषेजवळ येतच नाहीत. कंपाउंडमध्ये दहाचे वर्तुळच इतके लहान आहे की तिथे जाडी अधिक मोलाची ठरते. बाणाचा मध्य ज्या क्षेत्रात पडला की दहा मिळतात, ते क्षेत्र रिकर्व्हमध्ये जाड बाणाने सुमारे १७ टक्क्यांनी वाढते, कंपाउंडमध्ये सुमारे ३२ टक्क्यांनी. एका गुणाने सामना ठरणाऱ्या कंपाउंड तिरंदाजासाठी हे फार झाले. तो जाड बाण वापरतो यात नवल नाही.

आता दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहा. बाण धनुष्याला जुळत नसल्यामुळे तुमचे नेम सरासरीने मध्यापासून अवघा एक सेंटिमीटर जास्त लांब पडू लागले, तर रिकर्व्हवर बाणामागे अर्धा गुण गेला. साठ बाणांत तीस. पाच-सहा गुणांच्या लोभाने तीस गुणांचे नुकसान ओढवून घेणे हा माझ्या मते इनडोअर बाण निवडताना होणारा सर्वांत मोठा आणि सर्वांत नेहमीचा घोटाळा आहे. जाडीची चौकशी करायची, पण ताठपणाची झाल्यावर.

ताठपणाला तिरंदाज ‘स्पाइन’ म्हणतात, आणि या विषयाचा गाभा हाच. रिकर्व्हची दोरी बोटांवरून सुटते तेव्हा ती सरळ पुढे जात नाही, बोटांना वळसा घालून किंचित बाजूला सरकते. त्या धक्क्याने बाण आधी एकीकडे वाकतो, मग दुसरीकडे, आणि असा लवलवत धनुष्याच्या मुठीला वळसा घालून निघतो. बाण वाकला नसता तर मुठीवर आपटून भलतीकडे गेला असता. हे कोडे जुन्या तिरंदाजांना दिसत होते. अमेरिकेतल्या रॉबर्ट एल्मर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्याला तिरंदाजाचा विरोधाभास असे नाव दिले. पुढे १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन यांनी वेगवान कॅमेऱ्याने सुटत्या बाणाचे चित्रण केले, तेव्हा ते वाकणे प्रत्यक्ष दिसले. बाण फार ताठ असेल तर तो वळसा पुरा घालत नाही, फार लवचीक असेल तर गरजेपेक्षा जास्त वाकतो. दोन्हीकडे तो वाकडी वाट धरतो. कंपाउंडची दोरी यांत्रिक रिलीजने सुटते. त्यामुळे तिथे बाजूचे वाकणे कमी, वर-खाली वाकणे जास्त. म्हणून कंपाउंडला ताठ बाण खपून जातो, रिकर्व्हला जात नाही.

हा ताठपणा मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. पद्धत ठरलेली आहे: २८ इंचांवर दोन टेकू, त्यांवर आडवी दांडी, आणि बरोबर मध्यावर ८८० ग्रॅम वजन. दांडी इंचाच्या जितक्या हजारांश भागांनी खाली लवेल तो तिचा स्पाइन आकडा. ५०० स्पाइनची दांडी अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर लवते. १००० ची पूर्ण इंच. आकडा मोठा तितकी दांडी लवचीक. नवख्याची पहिली गफलत इथेच होते, कारण मोठा आकडा म्हणजे दणकट असे वाटते. आता घरचा प्रयोग. लाकडी पट्टीवर ७१.१ सेंटिमीटर अंतराने दोन ठोकळे ठोका आणि त्यांना इंग्रजी व्हीसारख्या खाचा पाडा. किराणा दुकानातून वजने आणा: ५००, २००, १००, ५०, २० आणि १० ग्रॅम. बेरीज करून पाहा, नेमकी ८८० होते. ती हलक्या पिशवीत घालून बारीक तारेच्या आकड्याने दांडीच्या मध्याला लटकवा, पिशवी आणि आकड्याचे वजन त्यातून वजा करायला विसरू नका, आणि दांडीचे लवणे मिलिमीटरच्या पट्टीने किंवा मेकॅनिककडच्या डायल गेजने मोजा. मग दांडी स्वतःभोवती पाव फेरा फिरवून पुन्हा मोजा. चांगल्या दांडीत चारही बाजूंनी जवळजवळ सारखाच आकडा येतो. स्वस्त कार्बनच्या दांडीत एक बाजू अधिक ताठ निघू शकते, आणि तसे निघाले तर डझनातल्या सगळ्या बाणांची तीच बाजू एका दिशेला येईल असे नॉक (दोरीत अडकणाऱ्या मागच्या खाचा) बसवतात. एका दुपारचे काम आहे. पण ते स्वतःच्या हाताने करणारे मूल बाणाकडे नंतर वेगळ्या नजरेने पाहते.

आपल्या प्रदेशाला हे ज्ञान नवे आहे असे समजण्याचे कारण नाही. मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंत तीरकामठ्याची परंपरा आहे, आणि आजही ‘इंडियन राउंड’ या नावाने बांबूच्या धनुष्याच्या स्पर्धा होतात. कितीतरी मुलांची सुरुवात तिथूनच होते. बांबूच्या दोन दांड्या कधी सारख्या नसतात. जाणता माणूस दांडी दोन्ही हातांत धरून अंगठ्याने मध्यावर दाबतो, किती लवते ते अजमावतो आणि सारख्या लवणाऱ्या बाजूला काढतो. तो ८८० ग्रॅमचे काम अंगठ्याने करत असतो. ग्रंथांतही याच्या खुणा आहेत. वासिष्ठ धनुर्वेदसंहितेत आणि चौदाव्या शतकातल्या शार्ङ्गधरपद्धतीत बाणांचे तीन प्रकार सांगितले आहेत: पुढे जाड, मागे जाड आणि सगळीकडे सारखा. पहिला लांब जातो, दुसरा खोल भेदतो, आणि तिसरा, सारख्या जाडीचा, लक्ष्यावर नेम धरण्यासाठी उत्तम. आज १८ मीटरवर वापरली जाणारी ॲल्युमिनियमची नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्याच जाडीची असते. त्या ग्रंथकारांना आपली नळी ठाऊक होती असले काही मला सुचवायचे नाही. पण बाणाचा आकार कामाप्रमाणे निवडायचा, हा विचार इथे जुना आहे, आणि मराठी विद्यार्थ्याने या विषयात परक्यासारखे पाऊल टाकण्याची गरज नाही.

ॲल्युमिनियमचा बाण हा अमेरिकेतल्या डग ईस्टन यांचा. त्यांनी १९२२ मध्ये लाकडी बाणांपासून धंदा सुरू केला आणि १९३९ मध्ये ॲल्युमिनियमचे बाण केले. या नळ्यांवर चार आकडी क्रमांक असतो, आणि तो वाचता आला की अर्धी यादी कळते. १७१६ मध्ये १७ म्हणजे बाहेरची जाडी १७/६४ इंच, सुमारे पावणेसात मिलिमीटर. १६ म्हणजे नळीची भिंत इंचाच्या १६ हजारांश. २३१५ मध्ये जाडी २३/६४, भिंत १५ हजारांश. यावरून एक गोष्ट लगेच उमगते. नळी जाड झाली की ती आपोआप खूप ताठ होते. २३ च्या नळीला वाकवायला दमदार धनुष्य लागते. बारा वर्षांच्या मुलीच्या २२-२४ पौंडी रिकर्व्हला ती काठीसारखीच वाटणार. तिला १६१६ किंवा १७१६ शोभते. तेवढ्या जाडीतही मैदानावरच्या बारीक बाणापेक्षा थोडा जास्त फायदा आहेच.

मोठी नळी मध्यम ताकदीच्या धनुष्याला जुळवण्याच्या युक्त्या आहेत, आणि इनडोअरचे खरे कसब त्यांत आहे. दांडी लांब ठेवली की ती लवचीक वागते. टोक जड केले की सुटताना दांडी अधिक वाकते. मैदानावर १०० ते १२० ग्रेनचे टोक लावणारा तिरंदाज इनडोअरला १५०, २००, कधी त्याहूनही जड टोक लावतो. २०० ग्रेन म्हणजे १३ ग्रॅम. १८ मीटरवर वारा नाही आणि वेगाचीही फारशी गरज नाही, त्यामुळे हे ओझे परवडते. पण प्रत्येक बदलाची किंमत द्यावी लागते. रिकर्व्हवाल्याने बाण दोन इंच लांब ठेवला की टोक क्लिकरच्या (पुरी ओढ झाली की वाजणाऱ्या पात्याच्या) पुढे जाते आणि क्लिकर बसवायला वेगळी पट्टी लावावी लागते. दांडी जाड झाली की तिचा मध्य १.९ मिलिमीटरने बाहेर सरकतो, मग प्लंजर (बाणाला बाजूने टेकू देणारी कळ) तेवढाच आत घ्यावा लागतो. नॉकिंग पॉइंटची, म्हणजे दोरीवर नॉक बसतो त्या जागेची, उंची पुन्हा पाहावी लागते. बाण बदलला आणि धनुष्य होते तसेच ठेवले, तर काय बिघडले हे कळायला मार्ग उरत नाही.

जुळले की नाही हे ठरवण्याची कसोटी साधी आहे. डझनातल्या दोन बाणांची पिसे काढून टाका. १८ मीटरवरून पिसे असलेले तीन आणि दोन उघडे बाण एकाच ठिकाणी नेम धरून सोडा. पिसे बाणाच्या चुका पुसतात, उघडा बाण त्या दाखवतो. उजव्या हाताच्या रिकर्व्ह तिरंदाजाचे उघडे बाण बाकीच्यांच्या डावीकडे गेले तर दांडी ताठ आहे: टोक जड करा, किंवा धनुष्याची ताकद थोडी वाढवा. उजवीकडे गेले तर लवचीक आहे: टोक हलके करा किंवा दांडी कापा. दांडी पाव-पाव इंचाने कापायची, कारण कापलेले परत जोडता येत नाही. डावखुऱ्यासाठी हे सगळे उलट वाचायचे. एका फेरीवरून निष्कर्ष काढू नये, आणि ज्याचे पिसांचे बाणच अजून एकत्र पडत नाहीत त्याने ही कसोटी काही दिवस पुढे ढकलावी.

पिसांबद्दल थोडक्यात. रिकर्व्हचा बाण १८ मीटर साधारण एक तृतीयांश सेकंदात कापतो. एवढ्या वेळात डोलणारा बाण सरळ व्हायचा तर मागे चांगली पकड हवी. म्हणून टर्कीची खरी पिसे, चार-पाच इंच लांब, किंचित पीळ देऊन लावतात. मैदानावर ती वाऱ्याला सापडतात, इथे वारा नाही. मात्र नागपूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये ती ओल धरून मऊ पडतात, म्हणून बाणांचा डबा कोरड्या जागी ठेवावा. पीळ कोणत्या दिशेचा यावर फार डोके शिणवू नये. सगळ्या बाणांचा पीळ सारखा असला की झाले.

त्याहून जास्त लक्ष सारखेपणाकडे द्या. मी तर म्हणेन, मध्यम प्रतीचे पण एकसारखे सहा बाण हे उत्तम प्रतीच्या पण मिसळलेल्या बारा बाणांहून केव्हाही बरे. वजनासाठी ग्रेनचा खास काटा घेण्याची घाई नको. इतवारीच्या सराफ्यात जो काटा वापरतात, तो ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, म्हणजे हा काटा आपल्याला पुरून उरतो. बाण जुळवून झाल्यावर तोलायचे आणि वजन दांडीवर बारीक लिहून ठेवायचे. दोरीवर नॉक कसा बसतो हेही पाहायचे: बाण दोरीला अडकवून धनुष्य असे धरा की बाण खाली लोंबेल, मग दोरीवर टिचकी मारा. टिचकीने बाण सुटून पडला तर पकड घट्ट वाटली तरी ठीक आहे. दोन-तीन टिचक्या मारूनही चिकटून राहिला तर नॉक बदला. नियमाप्रमाणे दांडीवर तिरंदाजाचे नाव किंवा आद्याक्षरेही हवीत, आणि एका फेरीतल्या बाणांचे पिसांचे व नॉकचे रंग सारखे हवेत. स्पर्धेच्या सकाळी पंच हे तपासतात, तेव्हा धावपळ करण्यापेक्षा आदल्या रात्री पाहिलेले बरे.

सुरक्षेच्या दोन गोष्टी मात्र कोणीही ‘नंतर बघू’ म्हणू नये. वाढत्या वयाच्या मुलाला बाण कधीही नेमक्या मापाचा कापून देऊ नका. वर्षभरात हात लांबतात, ओढ वाढते, आणि आखूड बाणाचे टोक रेस्टच्या, म्हणजे बाण टेकतो त्या आधाराच्या, मागे आले की सुटताना तो बाण धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो. ओढीच्या पुढे दोन-तीन इंच सोडावेत. दुसरी गोष्ट कार्बनची. एखादा बाण दुसऱ्यावर किंवा लाकडी चौकटीवर आदळला की तो बाजूला काढा, दोन्ही टोकांनी धरून हलके वाकवा, पीळ द्या, कानाशी धरून ऐका. करकर आली, बारीक चीर दिसली, की तो बाण मोडून टाका, पिशवीत परत ठेवू नका. चिरलेला कार्बन सुटताना फुटला तर त्याचे तुकडे हातात शिरतात. ॲल्युमिनियम असा दगा देत नाही. ते फक्त वाकते, आणि सपाट काचेवर गरगर फिरवले की वाकडेपण दिसते. सुरुवातीच्या इनडोअर सरावासाठी मला ॲल्युमिनियम पसंत आहे त्याचे हे एक कारण, दुसरे कारण किंमत. जाड ॲल्युमिनियम फोमच्या बटमध्ये (लक्ष्याच्या कागदामागच्या ठोकळ्यात) शिरते तेव्हा घर्षणाने फोम वितळून दांडीला चिकटतो. दांडीच्या पुढच्या भागाला कोरडा साबण घासला की बाण सहज निघतात. मे महिन्यात बंद गाडीत बाण ठेवू नयेत. टोके बसवण्याचा गरम गोंद त्या उष्णतेने सैल पडू शकतो, आणि मग टोक फोममध्ये राहते आणि रिकामी नळी हातात येते.

आता तुम्हीच विचाराल, एकाच डझनावर वर्ष काढणाऱ्या मुलाने काय करावे? नागपुरातल्या बहुतेक मुलांची हीच अवस्था आहे, आणि यात कमीपणा काही नाही. ३० मीटरवर चांगले चालणारे, धनुष्याला जुळलेले बाण १८ मीटरवरही चांगलेच चालतात. त्यासाठी वेगळा संच लागत नाही. रिकर्व्हवाल्या मुलाचे गुण ६०० पैकी साडेपाचशेच्या आसपास स्थिरावेपर्यंत जाड बाणांवर पैसे घालू नयेत असे माझे मत आहे. त्या पैशांत बोटांना लावायचा एक चांगला फिंगर टॅब आणि बटचा नवा फोम येईल. कंपाउंडवाल्यांनी लवकर वळायला हरकत नाही, कारण त्यांचे दहाचे वर्तुळच लहान आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदा होत आहे, त्यामुळे येत्या काळात कंपाउंडकडे मुलांचा ओढा वाढेल. ती स्पर्धा मैदानावरची आहे हे विसरून तिच्या तयारीसाठी जाड बाण घेऊ नका. त्याला तिथे वारा लागेल. आणि नवा संच कधीही स्पर्धेच्या तोंडावर आणू नये.

या विषयात पुढे करण्यासारखे खूप आहे, आणि ते इथे बसून करता येण्याजोगे आहे. हिवाळ्यात नागपुरात पहाटे पारा १० च्या खाली येतो आणि मे महिन्यात पत्र्याखालचा हॉल तापलेला असतो. एकाच संचातल्या उघड्या बाणांचे निकाल जानेवारीत आणि मेमध्ये नोंदवून शेजारी ठेवले तर धनुष्याची पाती आणि दोरी उष्णतेने किती बदलतात, हे आपल्या हवेचे आकडे घेऊन सांगता येईल. परदेशी तक्ते आपल्या हवेत तयार झालेले नाहीत. बांबूच्या बाणांचा ताठपणा ८८० ग्रॅमवर मोजून, कापल्यापासून वाळेपर्यंत तो कसा बदलतो, याची वही ठेवता येईल. इंडियन राउंडवरून रिकर्व्हवर येणाऱ्या मुलाने जुन्या आणि नव्या धनुष्यासाठी कोणत्या स्पाइनचे बाण वापरले, त्याची यादी प्रशिक्षकांनी ठेवली तर तीन-चार वर्षांत वैदर्भीय मुलांच्या ओढीच्या लांबीप्रमाणे आपला तक्ता तयार होईल. सुरुवात करणाऱ्याने वहीच्या पहिल्या पानावर तारीख, हॉलमधले तापमान, धनुष्याची ओढताना मोजलेली पौंडातली ताकद, बाणाची लांबी, टोकाचे वजन आणि मोजलेला स्पाइन लिहावा, आणि खाली उघडे बाण बाकीच्यांपासून किती सेंटिमीटर कोणत्या बाजूला पडले ते.